उत्क्रांती शिकवण्याचा संच: आतले साहित्य चोख, झाकणावरचे चित्र चुकीचे

अमळनेर तालुक्यातील एका खेड्याच्या माध्यमिक शाळेत मी चौदा वर्षांपासून विज्ञान शिकवते. राज्य मंडळाच्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’ या पुस्तकाचा पहिलाच पाठ ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे, त्यामुळे शाळा उघडून आठवडा होत नाही तोच वर्गातून तो ठरलेला प्रश्न येतो. यंदा तो मागच्या बाकावरून अहिराणीत आला. माकडापासून माणूस झाला असेल, तर “मंग आते काबर नही व्हतस?” (मग आता का होत नाहीत?) वर्ग हसला, पण प्रश्न विचारणारा मुलगा हसत नव्हता आणि त्याला उत्तर हवे होते. अशा प्रश्नांना हाताने करून दाखवता येईल असे उत्तर देण्यासाठी या उन्हाळ्यात आम्ही पुण्याहून उत्क्रांतीचा एक शैक्षणिक संच मागवला. तीन महिने वापरून झाल्यावर त्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

संचाची किंमत ३,८५० रुपये असून पार्सलचे २५० रुपये वेगळे द्यावे लागले. अर्धी रक्कम शाळेने दिली, अर्धी आम्ही तिघा शिक्षकांनी मिळून भरली. पेटीत चोचींच्या खेळासाठी चिमटे, पकडी आणि चमचे, तीन रंगांचे प्रत्येकी दोनशे मणी, ४६ मीटर लांबीची कालफीत, चार कवट्यांच्या निम्म्या आकाराच्या प्रतिकृती, फांद्या फुटलेल्या झाडाचे चित्र छापलेले एक मोठे कापड, नेहमीचे गैरसमज व त्यांची उत्तरे छापलेले चोवीस पत्ते आणि साठ पानांची शिक्षक-पुस्तिका एवढे साहित्य आहे. पेटी आली तेव्हा मण्यांची एक पिशवी फाटून निम्मे मणी वाटेतच सांडले होते. फोन केल्यावर विक्रेत्यांनी कोणतीही सबब न सांगता नवी पिशवी पाठवली, मात्र तिला बारा दिवस लागले आणि तोवर पाठ अर्धा संपला होता.

सर्वांत आधी चोचींच्या खेळाविषयी सांगते, कारण या संचातला सर्वांत विचारपूर्वक घडवलेला भाग तोच आहे. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या शास्त्रज्ञ दांपत्याने १९७३ पासून पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस द्वीपसमूहातील डॅफ्ने मेजर या चिमुकल्या बेटावर फिंच पक्ष्यांची पिढ्यान्‌पिढ्या मोजमापे घेतली. १९७७ च्या दुष्काळात तिथल्या बारीक, मऊ बिया लवकर संपल्या आणि मोठ्या, टणक बिया उरल्या. त्या फोडू शकणारे जाड चोचीचे पक्षी अधिक संख्येने जगले आणि पुढच्या पिढीची सरासरी चोच मोठी निघाली. याच गोष्टीवर बेतलेला हा खेळ मुले तीळ, हरभरा आणि चिंचोके या ‘बिया’ घेऊन खेळतात. प्रत्येकाची ‘चोच’, म्हणजे चिमटा, पकड किंवा चमचा, ठरलेली असते व खेळ चालू असताना ती बदलता येत नाही. ही अट अतिशय महत्त्वाची आहे. चमचा मिळालेल्या मुलीला चिंचोका फोडण्याची कितीही गरज असली, तरी तिच्या चमच्याची पकड होत नाही. गरज पडली म्हणून अवयव बदलत नाही, ही गोष्ट तिला कोणी समजावून सांगावी लागली नाही. पुस्तिकेने इथेच न थांबता १९८३ च्या अतिवृष्टीचाही उल्लेख केला आहे. त्या पावसानंतर बारीक बियांचा सुकाळ झाला आणि पुढे लहान चोचीच्या पक्ष्यांचे पारडे जड ठरले, म्हणजे निवडीची दिशाच उलटली.

या उलटलेल्या दिशेचे मला विशेष महत्त्व वाटते, कारण मराठीत हा विषय शिकवताना अडचण आपल्या शब्दापासूनच सुरू होते. ‘उत्क्रांती’ या शब्दातला ‘उत्’ वर नेणारा आहे, त्यामुळे शब्द कानावर पडताच मुलांच्या डोळ्यांसमोर जिना उभा राहतो आणि सर्वांत वरच्या पायरीवर माणूस असतो. नैसर्गिक निवड म्हटले, की निवडणारा कोणीतरी असणार असे वाटते, कारण घरात निवडलेले धान्य आईने किंवा आजीने निवडलेले असते. आणि सक्षम तोच टिकतो हे वाक्य तर थेट ‘बळी तो कान पिळी’ याच अर्थाने घेतले जाते. शब्द बदलणे आपल्या हाती नाही, परंतु शब्दाआड लपलेला हा जिना मोडून काढणे हे शिक्षकाचे काम आहे आणि संचाने त्यात मदत करावी, एवढी अपेक्षा रास्त आहे.

म्हणूनच पेटीचे झाकण पाहून मला वाईट वाटले. त्यावर वाकलेल्या माकडापासून ताठ चालणाऱ्या माणसापर्यंतची तीच एका रांगेतली मिरवणूक छापली आहे. पेटीतले कापड सांगते, की चिंपांझी आणि माणूस या एकाच खोडाच्या दोन फांद्या आहेत आणि त्यांचा समाईक पूर्वज सुमारे साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी होऊन गेला. झाकण मात्र सांगते, की चिंपांझीसारखा प्राणी टप्प्याटप्प्याने माणूस झाला. मुले झाकण आधी पाहतात. कवट्या हाती दिल्यावर पाचही गटांनी त्या विनासायास एका रांगेत मांडल्या, आणि असे का मांडले हे विचारल्यावर एका मुलाने झाकणाकडे बोट दाखवले.

कापड अंथरून कवट्या फांद्यांच्या टोकांवर ठेवायला सांगितल्यावर मगच चर्चा मार्गावर आली. आमच्या गावातल्या पुष्कळ घरांतला एक भाऊ सुरतला गेलेला असतो व एक शेतीवर राहिलेला असतो, तेव्हा मी त्या मागच्या बाकावरच्या मुलाला विचारले, “तुझ्या आजोबांचे दोन मुलगे, एकाची मुले सुरतला आणि एकाची इथे. मग तू जन्मलास तरी सुरतवाले अजून कसे आहेत, असे कोणी विचारते का?” तो म्हणाला, “नाही मॅडम, ते चुलत भाऊ आहेत, ते माझे बाप थोडेच आहेत!” आजची माकडे आपले पूर्वज नसून दूरच्या नात्यातली भावंडे आहेत, हे त्यानेच पुढे स्वतःच्या वाक्यात वहीत लिहिले. संचातल्या पत्त्यावरचे उत्तर बरोबर असले तरी ते पाठ्यपुस्तकी आहे. शिक्षकाने तिथे आपल्या गावातले नाते घालावे.

माझा सर्वांत मोठा आक्षेप उदाहरणांविषयी आहे. फिंच आणि इंग्लंडमधले मिरपुडी पतंग (धुराने काळवंडलेल्या झाडांवर ज्यांच्यात काळ्या पतंगांचे प्रमाण वाढले ते) ही दोन्ही उदाहरणे अभिजात आहेत आणि ती शिकवलीच पाहिजेत. परंतु खानदेशातल्या मुलाला उत्क्रांतीची सर्वांत जवळची ओळख बापाच्या कपाशीत झालेली असते आणि संचात तिचा उल्लेखही नाही. भारतात बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली. जमिनीतल्या एका जिवाणूचे जनुक त्या झाडात घातलेले असल्यामुळे झाड स्वतःच बोंडअळीला मारक प्रथिन तयार करते. दोन जनुकांचे वाण २००६ मध्ये आले. तरीही पहिल्या प्रथिनाला न जुमानणारी गुलाबी बोंडअळी गुजरातेत आढळली, काही वर्षांत दुसरेही प्रथिन निष्प्रभ झाले आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात झालेले नुकसान आजही घराघरांत आठवले जाते. आमच्या वर्गातल्या मुलांनी किडकी बोंडे फोडून आतली गुलाबी अळी स्वतः पाहिलेली आहे.

या अळीविषयी गावात एकच वाक्य ऐकू येते: “अळी औषधाला सरावली.” उत्क्रांतीविषयीचा सर्वांत चिवट गैरसमज या तीन शब्दांत आहे. सरावली म्हणजे एकेका अळीने विष पचवायची सवय करून घेतली, असा त्याचा अर्थ होतो. प्रत्यक्षात सवय कोणालाही झाली नाही. अफाट संख्येतल्या काही थोड्या अळ्यांत आधीपासूनच असा आनुवंशिक फरक होता, की प्रथिनाचा त्यांच्यावर परिणाम होत नव्हता. बाकीच्या मेल्या, या उरल्या, आणि पुढची पिढी उरलेल्यांची झाली. हे मी संचातल्याच मण्यांनी दाखवले. ९८ पांढरे आणि २ लाल असे शंभर मणी घेतले. पांढरा मणी म्हणजे विषाने मरणारी अळी, लाल म्हणजे न मरणारी. प्रत्येक फेरीत दहापैकी नऊ पांढरे काढून टाकायचे, लाल एकही काढायचा नाही, आणि उरलेल्यांच्या प्रमाणात पुन्हा शंभर भरायचे. पहिल्या फेरीनंतर लाल मणी १७ झाले, दुसरीनंतर ६८ आणि तिसरीनंतर ९६. मग मुलांना विचारले, की या तीन फेऱ्यांत कोणत्या पांढऱ्या मण्याचा रंग लाल झाला? वर्ग क्षणभर गप्प झाला. पहिल्या बाकावरची एक मुलगी ताटातले मणी बोटाने सारून पाहत राहिली आणि म्हणाली, “कोणताच नाही, मॅडम. फक्त मोजणी बदलली.”

त्याच तासाला बियाण्याच्या पाकिटासोबत मिळणाऱ्या छोट्या पाकिटाचा विषय निघाला. ४५० ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे दिले जात असे आणि ते शेताच्या कडेने लावणे अपेक्षित होते. त्या झाडांवर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांचा संकर न मरणाऱ्या पतंगांशी व्हावा आणि प्रतिकाराचा प्रसार लांबावा, हा त्यामागचा हेतू होता. पुष्कळ घरी ते पाकीट पडूनच राहिले, हे मुलांनीच सांगितले. एका मुलाने घरी जाऊन वडिलांना मण्यांचा हिशेब करून दाखवला आणि दुसऱ्या दिवशी वडील मला भेटायला शाळेत आले, त्यांना तो खेळ पुन्हा पाहायचा होता. या एका तासासाठी तरी संचाचे पैसे वसूल झाले असे मी मानते, जरी हा खेळ पुस्तिकेत नसला तरी.

कालफीत उत्तम आहे. ४६ मीटर म्हणजे पृथ्वीची सुमारे ४६० कोटी वर्षे, म्हणजे एक मीटरला दहा कोटी. आमच्या पटांगणात ती तिरकी धरावी लागली. आमच्या काळ्या मातीखालचा बेसाल्ट ज्या लाव्हारसातून घडला आणि डायनोसॉर ज्या सुमारास नाहीसे झाले, ती ६.६ कोटी वर्षांपूर्वीची खूण फितीच्या टोकापासून अवघ्या ६६ सेंटिमीटरवर येते. आधुनिक माणसाची सुमारे तीन लाख वर्षे तीन मिलिमीटरांत मावतात, साधारण बाजरीच्या दाण्याएवढ्या जागेत. मुलांनी तिथे खरोखरच बाजरीचा दाणा ठेवला. फितीवरची शाई मात्र दोनच वापरांत पुसट झाली, त्यामुळे खुणांवर आधीच दोरा शिवून घ्यावा.

पुस्तिकेची भाषा एकसारखी नाही. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे पान अत्यंत जबाबदारीने लिहिले आहे. त्या जनुकाची एक प्रत असलेल्या व्यक्तीला मलेरियापासून काही संरक्षण मिळते, दोन प्रती असल्या तर आजार होतो, आणि म्हणून ‘सक्षम’ कोण हे त्या ठिकाणच्या परिस्थितीवर ठरते, हे तिथे स्वच्छ मांडले आहे. शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यात हा आजार अनेक कुटुंबांत आहे, तेव्हा वर्गात कोणत्याही मुलाकडे किंवा समाजाकडे बोट न दाखवता हे पान शिकवावे, ही सूचनाही लेखकांनी आवर्जून केली आहे. दशावताराविषयीचे अर्धे पानही संयत आहे. ते श्रद्धेची टिंगल करत नाही आणि मत्स्य-कूर्म-वराह या क्रमाला जीवशास्त्राचा पुरावाही मानत नाही. परंतु त्याच पुस्तिकेत जिराफाविषयी ‘उंच पाला खाता यावा म्हणून मान लांब झाली’ आणि निवडुंगाविषयी ‘पाणी वाचवण्यासाठी काटे धारण केले’ अशी वाक्ये आहेत. चोचींच्या खेळाने जो गैरसमज काढला तोच या ‘म्हणून’ आणि ‘साठी’ मागल्या दाराने परत आणतात. मी आमच्या प्रतीत अशी सात वाक्ये खोडून दुरुस्त केली आहेत आणि त्यांची यादी निर्मात्यांना पाठवली आहे.

कवट्यांबाबत एक सूचना करावीशी वाटते. इथिओपियात १९७४ मध्ये सापडलेल्या ‘ल्यूसी’ या प्राचीन मानवसदृश जीवाश्माच्या जातीची कवटी संचात आहे, ते योग्यच आहे. पण १९८२ मध्ये मध्य प्रदेशातील हथनोरा येथे भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना नर्मदाकाठी प्राचीन मानवी कवटीचा जीवाश्म मिळाला होता. हीच नर्मदा पुढे आमच्या खानदेशाच्या उत्तर सीमेवरून वाहते, आणि तरी त्या जीवाश्माचे साधे छायाचित्रही पुस्तिकेत नाही.

२०२३ मध्ये शालेय पुस्तके तयार करणाऱ्या एनसीईआरटी या केंद्रीय संस्थेने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला, त्यामुळे केंद्रीय मंडळाच्या शाळांतल्या शिक्षकांनीही असा संच जवळ ठेवावा, असे माझे मत आहे. उणिवा लक्षात घेऊनही मी त्याला पाचपैकी चार गुण देते. आमच्या झाकणावर मुलांनी खाकी कागद चिकटवून त्यावर फांद्यांचे झाड काढले आहे, त्यात एका डहाळीवर गुलाबी बोंडअळीही आहे. ज्यांना संच मागवायचा असेल त्यांनी तो एप्रिलअखेर मागवावा आणि पार्सल येताच मणी मोजून घ्यावेत, कारण पाठ जूनमध्येच सुरू होतो आणि बदली पिशवी यायला वेळ लागतो.