पुणे-मुंबई फेरीत टॅबलेट की लॅपटॉप?

डेक्कन क्वीनच्या चेअर कारमध्ये ट्रेवर १४ इंची लॅपटॉप ठेवला की चहाचा कप हातातच धरावा लागतो. पुढच्याने सीट मागे टाकली तर स्क्रीनही अर्धी मिटते. ११ इंची टॅबलेट तिथे ऐसपैस बसतो. वजन जेमतेम अर्धा किलो. पण जड कीबोर्ड-कव्हर लावलं की किलोभर होतंच, मग हलक्या लॅपटॉपशी फरक तो काय उरला?

मेल, पीडीएफवर खुणा, व्हिडिओ कॉल यांना टॅबलेट पुरे. सिमवालाच घ्या, नाहीतर हॉटस्पॉटपायी फोनची बॅटरी बसते. घाटातल्या बोगद्यांत रेंज जाते, म्हणून फाइली पुणे स्टेशनवरच उतरवून ठेवा.

खरी गोची एक्सेलची. आयपॅड किंवा अँड्रॉइड टॅबलेटवर मॅक्रो (बटण दाबलं की एक्सेलमधली कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्राम) चालत नाहीत: फाइल उघडते, आकडे दिसतात, बटण दाबलं की काहीच हलत नाही. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन (पेनड्राइव्हसारखा लावायचा) लागणारं काम असेल, तर लॅपटॉपला पर्याय नाही. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधला जुना मजकूर दुरुस्त करायचा असेल तरीही तेच.

चार्जिंगला मात्र टॅबलेट वरचढ. २० वॉटचा चार्जर भागवतो. लॅपटॉपला ४५ ते ६५ वॉट देणारी पॉवरबँक लागते. साधी लावली तर काम करता करता टक्के उतरतच राहतात.