अपग्रेडनंतर ‘ऑफलाइन’ झालेला वाय-फाय प्रिंटर : सहा महिन्यांनी

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार म्हणून त्याच्या आदल्या आठवड्यात ११ टाकलं. बाकी सगळं जागच्या जागी होतं, वाय-फायवरचा जुना लेझर प्रिंटर तेवढा ‘ऑफलाइन’. हिरवा दिवा लावून समोर बसलेला, आणि मोबाइलवरून दिलेली प्रिंट मुकाट्याने काढणारा! म्हणजे प्रिंटर ठीक, राउटर ठीक, भानगड कॉम्प्युटरमध्ये. एवढं दिसत असूनही मी दोन संध्याकाळी प्रिंटर काढण्यात आणि पुन्हा टाकण्यात घालवल्या.

नव्याने टाकला की चालायचा, सकाळी परत तेच. एकदा मध्येच त्याला काय झालं कोण जाणे, एकाच पत्राच्या नऊ प्रती धडाधड बाहेर आल्या. वैतागून मी तेवढ्या वेळा प्रिंट दाबलं होतं. एक फाइल तर रांगेत ‘डिलीटिंग’ म्हणत अडकूनच बसली. विंडोजच्या सर्व्हिसेसमधून प्रिंट स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारा प्रोग्रॅम) थांबवला, सिस्टिम३२ मधल्या ‘स्पूल’ फोल्डरात ‘प्रिंटर्स’ नावाचं फोल्डर असतं त्यातल्या फाइली उडवल्या (फोल्डर राहू द्यायचं), स्पूलर परत चालू केला, तेव्हा ती गेली.

खरं दुखणं होतं प्रिंटर प्रॉपर्टीजच्या ‘पोर्ट्स’ टॅबमध्ये. पोर्ट म्हणजे कॉम्प्युटरने प्रिंटरपर्यंत पोचायची वाट. तिथे डब्ल्यूएसडी पोर्ट लागला होता. यात कॉम्प्युटर नेटवर्कवर हाका मारून प्रिंटर शोधतो. माझा प्रिंटर झोपेतून उठला की ओ द्यायचा नाही. आणि आपोआप शोधून टाकला की दर वेळी तोच पोर्ट, म्हणून काढघालीचा उपयोग शून्य.

मग प्रिंटरच्या बटणांवरूनच नेटवर्कचं पान छापलं, त्यावरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा प्रिंटरचा नंबर) घेतला, कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग केलं, म्हणजे त्या पत्त्यावरून ओ येते का ते बघितलं. उत्तर आलं. राउटरमध्ये तो पत्ता प्रिंटरच्या मॅक अ‍ॅड्रेससाठी (यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) राखून ठेवला, नाहीतर राउटर कधीतरी दुसराच देतो. ‘अ‍ॅड पोर्ट’मधून थेट त्या पत्त्यावर जाणारा स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट केला, प्रोटोकॉल ‘रॉ’, पोर्ट नंबर ९१००. तरीही ऑफलाइन! शेवटी ‘कॉन्फिगर पोर्ट’मधली ‘एसएनएमपी स्टेटस’ची टिक काढली आणि गाडी रुळावर आली. विंडोज एसएनएमपीने प्रिंटरची खुशाली विचारतं आणि उत्तर नाही आलं तर धडधाकट प्रिंटरलाही ऑफलाइन ठरवतं.

दोन्ही बाजूंनी छापायचा पर्याय गायब झाला होता, तो ‘डिव्हाइस सेटिंग्ज’मध्ये डुप्लेक्स युनिट ‘इन्स्टॉल्ड’ केल्यावर परतला.

त्यानंतरच्या सहा महिन्यांत ‘ऑफलाइन’ एकदाच दिसलं, तेही वीज गेल्यावर राउटर उठायच्या आत मी प्रिंट दिली म्हणून. टिक काढल्यापासून कागद संपल्याचं मात्र कॉम्प्युटरवर कळत नाही, उठून ट्रे बघावा लागतो. स्कॅनिंगचं सॉफ्टवेअर अजून अधूनमधून रुसतं. तिकडे मी हात घातलेला नाही, मोबाइलने फोटो काढतो.