'शॅडो ऑफ द कोलोसस' : नसलेल्या शत्रूंचा गेम

एखाद्या गेममध्ये काय नाही, याची यादी कितीही लांबवता येते. म्हणून परीक्षणात तिला सहसा जागा देऊ नये. फुटबॉलच्या गेममध्ये खलनायक नाही, अशी तक्रार कोणी करत नाही, कारण तो असेल अशी अपेक्षाच नसते. 'शॅडो ऑफ द कोलोसस'विषयी लिहिताना मात्र नसलेल्या गोष्टींपासूनच सुरुवात करावी लागते. फुमितो उएदा यांच्या दिग्दर्शनाखाली टीम इकोने हा गेम २००५ साली प्लेस्टेशन २ साठी केला. ब्लूपॉइंट गेम्सने तो प्लेस्टेशन ४ साठी नव्याने घडवून २०१८ साली आणला. हे परीक्षण त्या नव्या आवृत्तीचे आहे.

वाँडर नावाचा तरुण मोनो या मृत मुलीला घोड्यावरून एका निषिद्ध प्रदेशात आणतो. तिला परत जिवंत करायचे असेल तर १६ महाकाय प्राणी मारावे लागतील, असे डोर्मिन या तिथल्या अदृश्य शक्तीचा आवाज त्याला सांगतो. इथवर सारे साहसकथेच्या मळलेल्या वाटेने चालले आहे, आणि नेमके म्हणूनच पुढे जे येत नाही ते जाणवते. अशा गेममध्ये मोठ्या शत्रूपर्यंत पोहोचण्याआधी किरकोळ शत्रूंची फौज कापून काढायची असते, वाटेत गावे आणि दुकाने लागतात, लढाया मारून गुण कमवायचे असतात. इथे यांपैकी काहीही नाही. उन्हात तलवार उंच धरली की किरणे एकवटून दिशा दाखवतात. मग ओसाड माळ, दऱ्या आणि पडके पूल ओलांडत, बहुतेक वेळ संगीताशिवाय, टापांचा आवाज ऐकत जायचे. प्रदेश एवढा विस्तीर्ण ठेवला आहे की प्रत्येक वळणावर कोणीतरी झडप घालेल असे वाटून आपण धनुष्य सरसावतो आणि समोर एखादा सरडा सटकतो. हाच गेम दोन-चार खोल्यांत घडला असता, तर किरकोळ शत्रूंची आठवणही झाली नसती.

याहून मोलाची उणीव कथेत आहे. ज्याला मारायचे त्याचे दुष्कृत्य आधी दाखवावे, हा साहसकथेचा जुना संकेत. तो पाळला की मारणाऱ्याचा हात कापत नाही. येथे या प्राण्यांनी कोणाचे काही वाईट केल्याचे आपल्याला कधीच दाखवले जात नाही. तेरावा प्राणी वाळवंटावर तरंगत असतो आणि आपल्यावर हल्लाच करत नाही. त्याच्या पोटाखालच्या हवेच्या पिशव्या बाणांनी फोडायच्या, तो खाली आला की घोडा भरधाव सोडून वाळूला टेकलेला पंख पकडायचा, आणि अंगावर चढून तलवार खुपसायची. प्राणी कोसळल्यावर विजयाची धून वाजत नाही. जे वाजते ते शोकसंगीत असते, आणि त्याच्या देहातून निघालेले काळे धागे वाँडरच्या शरीरात घुसतात. खलत्वाचा पुरावा न देणे ही लेखनातली ढिलाई नव्हे, हे तेव्हा नीट कळते.

या गेममध्ये विनोदी पात्रही नाही. परंतु कथेने त्याच्यासाठी जागाच आखलेली नसल्यामुळे त्याची नोंद घेण्याचे कारण नाही.

नव्या आवृत्तीतली दृश्ये अप्रतिम आहेत, पण कॅमेरा अजूनही हट्टी आहे. प्राण्याच्या पाठीवर लोंबकळत असताना तो हमखास नको तिकडे वळतो. मला त्याहून खटकली ती ब्लूपॉइंटची एक भर : प्रदेशभर लपवलेली ७९ नाणी, जी सगळी शोधली की एक खास तलवार मिळते. मूळ आवृत्तीत निर्हेतुक वाटणारा माळ त्यामुळे अचानक धुंडाळण्याची जागा होतो, आणि नजर क्षितिजावरून उतरून कोपऱ्याकोपऱ्यांत शिरते. पहिल्यांदाच खेळणाऱ्याने हा गेम अवश्य घ्यावा, फक्त नाण्यांच्या मागे लागू नये. ती दुसऱ्या खेपेसाठी ठेवावीत.