गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचे मेसेज : ५ पैकी साडेतीन तारे

मी एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होतो. उभं राहून राहून दोन्ही गुडघे गेले. यंदा फेब्रुवारीत पुण्यातल्या एका हॉस्पिटलात उजवा बदलून घेतला. ऑपरेशन, जेवण, बिल यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी लिहितोय ते घरी आल्यावर ६ आठवडे फोनवर येत राहिलेल्या मेसेजबद्दल.

डिस्चार्जच्या वेळी काउंटरवरच्या मुलीनं मराठी की इंग्रजी एवढंच विचारलं. जादा पैसे नाहीत, ॲप-बिप नाही. माझ्या बटणांच्या फोनवर सगळं चाललं.

सकाळी ७, दुपारी १, संध्याकाळी साडेसात. 'पाऊल वर-खाली, २० वेळा.' 'टाच गादीवरून घासत मागे ओढा, १० वेळा.' बर्फ लावा, रक्त पातळ ठेवायची गोळी घेतली का. फिजिओ मॅडमनी हे सगळं कागदावर दिलं होतंच, पण तो कागद तिसऱ्या दिवशी फ्रीजमागे पडला. घरातलं कुणी आठवण केली की मी खेकसायचो, सूनबाई बिचारी गप्प बसायची. मेसेजवर खेकसून काय उपयोग? जन्मभर लोकांना 'पुढे सरका, पुढे सरका' केलं, आता माझी पाळी. चौथ्या आठवड्यात गुडघा ९० अंशांत वाकला.

आता गंमत. आठव्या दिवशी रात्री एक लांबलचक मेसेज आला, त्याच्या शेवटी 'झोपताना ऑपरेशन झालेल्या गुडघ्याखाली उशी ठेवू'. म्हटलं, ठेवू की! मऊ उशी घेतली, छान झोपलो. सकाळी बघतो तर पुढचा तुकडा येऊन पडलेला : 'नका.' उशीनं गुडघा वाकलेलाच आखडतो म्हणे. नातू म्हणाला, आजोबा, इंग्रजीत एका मेसेजात १६० अक्षरं मावतात, मराठीत ७०च, आणि काना-मात्राही वेगळ्या मोजतात. असेल. मग 'नका' आधी लिहा.

दीड तारा कापला तो मात्र दुसऱ्याच कारणासाठी. १६व्या दिवशी पोटरी सुजली, हाताला गरम लागायला लागली. मी उत्तर टाइप केलं, ते जाईचना. पाठवणाऱ्याचा नंबरच नाही, नुसती इंग्रजी अक्षरं. तासाभरात तिकडून मेसेज, 'छान प्रगती! चालत राहा.' शेवटी मुलानं डिस्चार्जच्या फाइलमधून वॉर्डचा नंबर शोधला. त्यांनी लगेच बोलावलं, डॉपलर केलं, म्हणजे पायातल्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी. गुठळी नव्हती. पण तो तासभर हिनं देव पाण्यात ठेवले होते. प्रत्येक मेसेजच्या शेवटी फोन नंबर टाकायला १० आकडे लागतात, तेवढी जागा निघेल.

डावा गुडघा दिवाळीनंतर करायचाय, तिथेच. तेव्हा संध्याकाळचा मेसेज ७ लाच पाठवा. साडेसातला हिची मालिका लागते, आणि पाय ओढताना मी कण्हतो ते तिला चालत नाही.