ओझर ते गुलमर्ग: दोन पीएनआरची सहल आणि आमचं ट्रॅव्हल ऑफिस

सेवा: नाशिकच्या एका ट्रॅव्हल ऑफिसकडून आखून घेतलेली सहा दिवसांची गुलमर्ग स्कीइंग सहल, मी आणि लेक. माझे गुण: पाचपैकी तीन.

ऑफिसचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्यांनी जी चूक केली ती बरीच ऑफिसं करतात, आणि तिथल्या मुलीने रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी उचललेला फोन मी विसरणार नाही. विमान कंपन्यांचीही नावं घेत नाही. हिवाळ्यात उत्तरेकडे जाणाऱ्या नाशिककरांना उपयोगी पडावं एवढ्यासाठीच हे लिहिते आहे.

माझं गंगापूर रोडला फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. लेक इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. रामशेज, अंजनेरी, हरिहर असे किल्ले करत मोठी झालेली पोर. आठवीत असल्यापासून तिच्या मनात स्कीइंग होतं. २०२४ च्या जानेवारीत जायचं ठरवलं, तर त्या वर्षी गुलमर्ग कोरडंच राहिलं, उतारांवर गवत दिसत होतं. २०२५ मध्ये तर बर्फ नाही म्हणून तिथले खेलो इंडियाचे हिवाळी खेळ फेब्रुवारीतून मार्चवर गेले. त्यामुळे यंदा जानेवारीत चांगला बर्फ पडणार असं कळल्यावर आम्ही दोघी खूश होतो. ज्या हवेने बर्फ येतो त्याच हवेने विमानं अडतात, हा विचार तेव्हा डोक्यात आला नाही. ऑफिसनेही तो बोलून दाखवला नाही.

खरं तर मला कळायला हवं होतं, कारण सासरे निफाडचे, द्राक्षबागवाले. पश्चिमेकडून येणारा झंझावात काश्मीरवर बर्फ टाकतो. तो पुढे सरकला की मागून उत्तरेचं गार वारं येतं आणि कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा उतरल्याच्या बातम्या सुरू होतात. मधल्या सपाट प्रदेशात, दिल्लीकडे, जमिनीलगतची ओल गारठून धुकं बसतं. आमच्या निघण्याच्या आदल्या रात्री सासरे बागेत शेकोट्या पेटवून बसले होते. फोनवर म्हणाले, "दिल्लीला धुकं असेल बघ." आणि तसंच झालं.

शनिवारी ओझरला, नाशिकच्या विमानतळावर, पोचलो तर दिल्लीहून येणारं विमानच निघालेलं नव्हतं. तेच विमान आम्हाला घेऊन परत जाणार होतं. तीन तास गेले. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाचं विमान दोन तासांहून जास्त लेट झालं तर खाणंपिणं द्यावं लागतं, असा डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचा, नियम आहे. काउंटरवर नियम सांगितल्यावर समोसा आणि पाणी मिळालं. सांगितलं नसतं तर मिळालं असतं का, शंका आहे. मागे बसलेल्या बऱ्याच जणांना हा नियम माहीतच नव्हता.

दिल्लीवर पोचल्यावर विमान घिरट्या घालत राहिलं. तिथे धुक्यात विमान उतरवायची कॅट-३ यंत्रणा आहे, धावपट्टीवर ५० मीटर दिसलं तरी उतरता येतं. पण त्यासाठी विमान तसं सज्ज लागतं, वैमानिकांचंही तसं प्रशिक्षण झालेलं लागतं, आणि दाट धुक्यात दोन विमानांमधलं अंतर वाढवल्यामुळे रांगही लांबते. अर्ध्या तासाने घोषणा झाली, आपण जयपूरला जातोय.

जयपूरला दोन तास दहा मिनिटं विमानातच बसून होतो. पुढच्या रांगेत देवळालीचे एक आजी-आजोबा होते, नातवाच्या मुंजीला नोएडाला निघालेले. आजोबांना मधुमेह. त्यांचा हात थरथरायला लागलेला मला मागून दिसला. साखर खाली गेली असणार. पर्समध्ये गुळाचा खडा होता, तो आधी दिला. मग डबा काढला. मेथीच्या दशम्या आणि खोबऱ्या-लसणाची चटणी, पहाटे साडेचारला उठून केलेली. दशमीचा तुकडा मोडून त्यांनी चटणीला लावला, सावकाश चावला, आणि पाच-सात मिनिटांत चेहऱ्यावर रंग आला. आजी माझा हात धरून बसल्या होत्या. केबिन क्रूची मुलगीही धावून आली, ज्यूस आणला, दोनदा येऊन विचारून गेली. मग मी आजोबांना घोटे वर-खाली करायला लावले, तेवढ्याने पायातलं रक्त फिरतं. बघता बघता दोन-तीन रांगा घोटे हलवायला लागल्या. कुणाचा आवाज चढला नाही. सगळ्यांना बिस्किटं मिळाली ती त्यानंतर. वैमानिकांची ड्यूटीची वेळ संपत आली होती. ती संपली असती तर आम्ही जयपूरलाच मुक्कामाला असतो. धुकं थोडं उठलं आणि रात्री साडेनऊला दिल्ली गाठली.

आता ऑफिसच्या चुकीबद्दल. दिल्ली ते श्रीनगर आमचं तिकीट दुसऱ्या कंपनीचं होतं, वेगळ्या पीएनआरवर, म्हणजे वेगळ्या बुकिंग क्रमांकावर. ते विमान दुपारीच गेलं. वेगळा पीएनआर म्हणजे दोन वेगळे प्रवास. पहिलं विमान धुक्यात अडकलं याच्याशी दुसऱ्या कंपनीला काही देणंघेणं नसतं. त्यांच्या लेखी आम्ही आलोच नाही, म्हणजे नो-शो. अशा तिकिटावर सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क तेवढं परत मिळतं, भाडं बुडतं. तेच दोन्ही टप्पे एका पीएनआरवर असते तर आम्हाला पुढच्या विमानात बसवणं त्यांच्या गळ्यात पडलं असतं. सामानही थेट श्रीनगरला गेलं असतं, दिल्लीत उतरवून पुन्हा द्यावं लागलं नसतं. ऑफिसने वेगळी तिकिटं का काढली? माणशी १,८०० रुपये स्वस्त पडली म्हणून. हिशोबाच्या कागदावर ते आमच्या फायद्याचं म्हणून लिहून दिलं होतं. पण त्या १,८०० रुपयांच्या बदल्यात आपण कसली जोखीम घेतोय, हे एका वाक्यात सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर मी ते पैसे आनंदाने भरले असते. दोन गुण मी यासाठी कापले आहेत.

रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी दिल्ली विमानतळावर, सामानाच्या ट्रॉलीला टेकून मी ऑफिसच्या मुलीला फोन लावला. वाटलं नव्हतं उचलेल. तिसऱ्या रिंगला उचलला. मागे बाळ रडत होतं. "ताई, तुम्ही आधी बसा कुठेतरी. मला दहा मिनिटं द्या," म्हणाली. दहा नाही, पंचवीस मिनिटं लागली, पण तेवढ्यात तिने एरोसिटीजवळ महिपालपूरला खोली पाहिली, रविवारची श्रीनगरची दोन तिकिटं काढली (माणशी ९,४०० रुपये, आमच्याच खिशातून), आणि गुलमर्गच्या हॉटेलवाल्याला उठवून आमची खोली दुसऱ्याला देऊ नका म्हणून सांगितलं. मोसमात नो-शो झालेली खोली ठेवत नाहीत तिकडे. ती खोली राहिली ती फक्त तिच्यामुळे.

रविवारी सुरक्षा तपासणी होऊन गेटवर बसलो आणि श्रीनगरला बर्फवृष्टी, विमान रद्द. लेक काही बोलली नाही. बॅगेतून हातमोजे काढले, घातले, पुन्हा काढून ठेवले. ते बघून मला भरून आलं. हवामानामुळे विमान रद्द झालं तर नुकसानभरपाई मिळत नाही, नियमच तसा आहे आणि मला तो मान्य आहे. पण पूर्ण परतावा की दुसरं विमान, हे प्रवाशाने ठरवायचं असतं. काउंटरवरचा मुलगा परताव्याचा फॉर्म पुढे करत होता. आम्ही सोमवारचं विमान मागून घेतलं. परतावा घेतला असता तर नवं तिकीट त्या दिवशीच्या भावाने काढावं लागलं असतं, आणि तो भाव दुप्पट होता.

सोमवारी पीर पंजाल ओलांडताना पूर्ण विमान खिडक्यांकडे वळलं होतं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, ज्याने त्याने बघावं. श्रीनगरहून टंगमर्ग, तिथे टायरला साखळ्या बांधलेली गाडी, मग शेवटचे १३ किलोमीटर देवदारांमधून. संध्याकाळी पोचलो. चार दिवसांचं स्कीइंग ठरलं होतं, उरले दोन. रविवारच्या तारखेची गोंडोलाची (तिथल्या केबल कारची) तिकिटं वाया गेली.

पण ते दोन दिवस! ऑफिसने ठरवून दिलेला शिक्षक टंगमर्गचा, पन्नाशीचा माणूस. त्याला पाचपैकी पाच. आधी साहित्याचं सांगते, कारण माझ्या धंद्यातली गोष्ट आहे. स्कीचा बूट म्हणजे कडक प्लास्टिकचं कवच. घोटा पूर्ण बांधला जातो, त्यामुळे पिळवटण्याचा सगळा जोर गुडघ्यावर येतो. बूट स्कीला ज्या पकडीत बसतो ती बाइंडिंग. पडताना ती सुटायला हवी. नाही सुटली तर लांब स्की पायाला फिरवते आणि गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटू शकतो. ती किती जोराला सुटावी याचा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि अनुभव बघून लावायचा असतो. भाड्याच्या दुकानातल्या पोराने काही न विचारता स्की हातात ठेवल्या. लेकीच्या बाइंडिंगवर आदल्या गिऱ्हाइकाचा आकडा होता, ७. ती ५२ किलोची, पहिल्यांदाच उभी राहणार. मी काही बोलायच्या आतच शिक्षकाने स्क्रूड्रायव्हर मागवला, तिचं वजन विचारलं आणि पुढचा-मागचा दोन्ही आकडे साडेचारवर आणले. मग तिला बूट अडकवून पाय आडवा पिळायला लावला. खट् करून सुटला. "अब ठीक है," म्हणाला. त्या 'खट्'ने माझा जीव भांड्यात पडला. तुम्ही गेलात तर हे स्वतः करून घ्या. दुकानदार कितीही घाई करो.

गोल्फ मैदानाच्या हलक्या उतारावर शिकवणी झाली. पुढची टोकं जवळ, टाचा बाहेर, त्याला तिकडे सगळे 'पिझ्झा' म्हणतात, वेग त्याने आवरतो. घाबरलं की माणूस मागे रेलतो आणि तिथेच पडतो. शिक्षक एकच वाक्य सांगत राहिला, "नडगी से बूट दबाओ." नडगी हा शब्द त्याला एका मराठी पाहुण्याने शिकवलेला! दुपारपर्यंत लेक न पडता खाली आली. दुसऱ्या दिवशी वळायला लागली. मी दोन्ही दिवस मिळून बहुतेक पिझ्झाच केला, पण शेवटची घसरण सलग झाली, वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. वेळ कमी म्हणून शिक्षक रोज दीड तास जास्त थांबला. वरचे पैसे घ्यायला तयार नव्हता, लेकीने त्याच्या खिशात घातले. खोलीतल्या बुखारीजवळ, म्हणजे काश्मिरी शेगडीजवळ, बसून नून चहा (मिठाचा काश्मिरी चहा) घेतला, बाहेर बर्फ पडत होता. हॉटेल साधं पण ऊबदार, जेवण चांगलं.

परतीला पुन्हा धुकं, पुन्हा दिल्लीत ओझरचं विमान चुकलं. पण परतीचं तिकीट एकाच कंपनीचं, एकाच पीएनआरवर होतं. काउंटरवर वाद नाही, विनवण्या नाहीत. त्यांनीच रात्रीच्या मुंबईच्या विमानात बसवलं, जेवणाचं कूपन दिलं, सामान हातात आलं ते थेट मुंबईला. तिथून गाडीने समृद्धीवरून पहाटे घरी. धुकं तेच, विमानतळ तोच, फरक फक्त तिकिटाचा.

पैशांचं सांगायचं तर हॉटेलने दोन्ही बुडालेल्या रात्रींचे पैसे ठेवून घेतले होते. ऑफिसच्या मालकांना भेटायला गेले तेव्हा त्यांनी बसवून घेतलं, सगळं ऐकलं, आणि वेगळ्या पीएनआरची चूक कबूल केली. एका रात्रीचे पैसे त्यांनी स्वतःच्या कमिशनमधून ११ दिवसांत खात्यावर जमा केले. नो-शो तिकिटावरचे कर मिळवायला तीन ई-मेल आणि एअरसेवा या विमान प्रवाशांच्या सरकारी तक्रार पोर्टलवर तक्रार करावी लागली, तेव्हा आले.

पुढच्या फेब्रुवारीचं ठरतंय. त्यांच्याकडूनच. श्रीनगरला पोचल्यावर एक दिवस मोकळा ठेवायचा, शहरात फिरू, हारिसा (मटणाचा काश्मिरी पदार्थ) खाऊ, आणि गुलमर्ग दुसऱ्या दिवसापासून. जाताना नाशिक रोडहून राजधानीने दिल्ली आणि पुढे विमान, असाही विचार आहे. धुक्यात गाडीही लेट होते, पण निदान जेवण आणि झोपायला जागा असते. परवा त्या मुलीचा फोन आला होता. तारखा विचारल्या, मग स्वतःहूनच म्हणाली, "ताई, विमानाचं सगळं एकाच पीएनआरवर घेते. थोडं महाग पडेल, चालेल ना?"