एएसडीएफचे प्लगिन: आठ महिन्यांनंतर

लातूरला घरून काम करतो. एका क्लायंटचा प्रोजेक्ट नोडच्या (जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) आवृत्ती १८ वर, दुसऱ्याचा २२ वर, तिसऱ्याचं जुनं पायथन. प्रत्येकाला वेगळं टूल कोण सांभाळणार, म्हणून एएसडीएफ टाकलं: अशा सगळ्यांच्या हव्या त्या आवृत्त्या सांभाळणारं एकच टूल.

एएसडीएफला स्वतःला ना नोड कळतं ना पायथन. जे काही कळतं ते प्लगिनला. आणि प्लगिन म्हणजे एक गिट रिपॉझिटरी, म्हणजे कोडचा ऑनलाइन साठा. आत आवृत्त्यांची यादी आणणारी, डाउनलोड करणारी, इन्स्टॉल करणारी अशा चार-दोन शेल स्क्रिप्ट. कुणा अनोळखी माणसाने लिहिलेल्या, आपल्या मशीनवर चालणाऱ्या. म्हणून आता टाकण्याआधी इन्स्टॉलची स्क्रिप्ट वाचतोच. पाच मिनिटांचं काम आहे.

नोडची तयार बायनरी उतरते, चहा होईपर्यंत काम फत्ते. पायथन मात्र सोर्सवरून कंपाइल होतं, म्हणजे मूळ कोडवरून आपल्याच मशीनवर तयार होतं. पहिल्यांदा निम्म्यात लाइट गेली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दुसऱ्यांदा झालं, पण स्क्रिप्ट चालवली तर सीटाइप्स मॉड्यूलच नाही. त्याला लागणाऱ्या लिबएफएफआय या लायब्ररीचं डेव्ह पॅकेज आधी टाकलं नव्हतं. ते टाकून तिसऱ्यांदा कंपाइल.

खरी फजिती पुढे. पायथनचा प्लगिन रुसल्यासारखा वाटला म्हणून रिमूव्ह करून परत ॲड करू म्हटलं. रिमूव्ह केल्यावर त्या प्लगिनने टाकलेल्या सगळ्या आवृत्त्याही जातात. डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय, मीच वाचलं नव्हतं. तोवर टाकलेल्या पायथनच्या तिन्ही आवृत्त्या गेल्या, त्यांच्यावरची व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटही (प्रत्येक प्रोजेक्टची वेगळी पायथन जागा) लंगडी पडली. प्लगिन अपडेटने भागलं असतं.

नांदेडच्या मित्राला टूल-व्हर्जन्स फाइल पाठवली; प्रोजेक्टला कशाची कुठली आवृत्ती हवी ते तिच्यात लिहिलेलं असतं. त्याचा फोन:

"अरे, इन्स्टॉल म्हटलं तर काहीच होईना."

"प्लगिन टाकलास का आधी?"

"ते पण मीच टाकायचं?"

हो, तेही आपणच. शिवाय त्या फाइलमध्ये नोडची आवृत्ती बांधता येते, प्लगिनची नाही. त्यामुळे सगळे प्लगिन एकदम अपडेट करायचं मी सोडलं; लागेल तेव्हा एकेक.

नवीन वापरणाऱ्यांनी एक बघा: २०२५ च्या ०.१६ पासून हे बॅशमधून गो भाषेत गेलं आणि आवृत्ती ठरवणाऱ्या ग्लोबल, लोकल या कमांड जाऊन त्यांच्या जागी सेट ही कमांड आली. जुने व्हिडिओ बघून टाइप केलं तर एरर येणारच.

हौसेने टाकलेले अकरा प्लगिन होते. आता चार आहेत, आणि काढताना प्रत्येक वेळी आधी आवृत्त्यांची यादी बघितली.