मोरडीच्या भाताला काय: जीवामृत की गिरिपुष्पाचा पाला?

युरियाची गोणी बंद करायची ठरली की मोरडीवर, म्हणजे उंचावरच्या पावसाळी शेतात, पहिला पेच पडतो तो सरदाच्या (पावसाळी भाताच्या) नत्राचा. (खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेताचा, हिशोब वेगळा, तिथे गाळच पुष्कळ देऊन जातो.)

जीवामृत बहुतेकांना पाठ असते: 200 लिटर पाण्यात 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, गूळ आणि बेसन दोन-दोन किलो, बांधावरची मूठभर माती; सावलीत 48 तास, एकरी एक पिंप. खर्च किरकोळ, आणि लगेच सुरू करता येते. पण अख्ख्या पिंपातले नत्र मोजले तर पाव किलोच्या आसपासच भरते. हे विरजण आहे, दूध नव्हे. शेतात शेणखत किंवा पाला आधीच नसेल तर त्याने काम तरी कशावर करावे?

खरी कटकट आषाढात. पिंप तयार होते आणि त्याच दिवशी धो धो लागतो. ओतले तर बांधावरून खालच्या कुणग्यात (शेताच्या तुकड्यात), म्हणजे शेजाऱ्याचे भले. थांबले तर आठवड्याभरात आंबूस वास जाऊन सडका येतो. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. माझ्या लेखी जीवामृत मागे पडले ते एवढ्यावरच.

गिरिपुष्प, म्हणजे आपली उंदीरमारी, पावसाची वाट बघत बांधावर उभी राहते. अंगठ्याहून जाड, मीटरभर लांब खुंट पहिल्या पावसात अर्ध्या मीटरवर लावावेत. बेताची छाटणी दुसऱ्या वर्षापासून मिळते. वासामुळे गुरे सहसा तोंड लावत नाहीत. मेअखेर हिरवळीच्या खतासाठी पेरलेला धैंचा मात्र मोकाट गुरांच्याच पोटात जातो.

एकरी 2 टन ओला पाला म्हणजे साधारण 14 किलो नत्र. युरियाच्या 45 किलोंच्या गोणीत वीसच्या थोडे वर असते. पाला पहिल्या चिखलणीत गाडून पाणी धरावे आणि आठ-दहा दिवसांनी लावणी करावी. घाई केली की कुजण्याने मुळे गुदमरतात, तरवा (भाताची रोपे) पिवळा पडतो, आणि घाबरून माणूस पुन्हा युरियाकडे वळतो. जून फांद्या आधीच काढाव्यात, नाहीतर लावणीत पायांत घुसतात. मजुरी जड जाते, हे मान्य.

बांध अजून उघडाच असेल तर पहिली दोन वर्षे शेणखतावर जीवामृत चालवून घ्यावे. नंतर पिंप कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, हलवावे: पोफळीखाली झावळ्यांचे आच्छादन असते, सावली असते, आणि नोव्हेंबर ते मे ओतलेले वाहून जात नाही.